टोपलीखालची अब्रू

आधी चहा संपवा. मग सांगतो. तोंडात घोट असताना ऐकलंत तर तो माझ्या सदऱ्यावर येईल, आणि हा सदरा आजच इस्त्रीचा घातलाय.

मी कमी बोलणारा माणूस. नागपूरच्या काटोल रोडवर संत्र्याच्या बागेत हयात गेली, ती झाडांशी बोलत. झाड मधेच तोंड घालत नाही, म्हणून जमलं. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या दयेनं. पण मूर्ख मला कोणी म्हटलं नाही. तोंडावर तरी नाही. एकदाच म्हटलं, आणि तेव्हा सगळ्या बागेनं एका सुरात म्हटलं. बैलसुद्धा माझ्याकडे तसेच बघत होते.

बायामाणसं आत आहेत ना? दार लोटून घ्या जरा.

गोष्ट सत्तरीच्या दशकातली. मी तिशीच्या आत होतो. आता तुम्हाला आधी संत्र्याचं एक शास्त्र सांगावं लागेल. नाहीतर माझा मूर्खपणा अर्धवट कळेल, आणि अर्धवट काम मला चालत नाही.

संत्र्याचं झाड लाडावलं की फुलत नाही. रोज पाणी, वेळेवर खत, आणि येतात काय तर नुसती पानं! मग आम्ही त्याला ताण देतो. म्हणजे पाणी तोडतो. भर उन्हाळ्यात. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्या उघड्या करतो, त्यांना ऊन दाखवतो. झाड सुकतं, पानं गाळतं, आता गेलंच असं वाटतं. नेमकं तेव्हा मुळ्या झाकायच्या, शेणखत घालायचं आणि पोटभर पाणी सोडायचं. मग बघा बहार! फुलांनी फांदी दिसत नाही. झाडाला मरणाची भीती दाखवली की त्याला लेकराबाळांची आठवण येते. एवढंच शास्त्र.

या कामात माझं नाव होतं. कुठलं झाड किती ताण सोसेल, ते मी पान चोळून सांगायचो. नरखेडकडचे बागवाले मला एसटीनं घेऊन जायचे आणि परत आणून सोडायचे. आमच्या मालकानं तोडायला काढलेलं एक झाड होतं. कधी फुललंच नव्हतं. मी त्याला ताण दिला आणि पुढच्या हंगामात त्याच्या फांद्यांना टेकू द्यावे लागले. त्या झाडाखालून जाताना माझी मान आपोआप ताठ व्हायची.

घरी मी, माझा मोठा भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन पोरी आणि माझी बायको शेवंता. आमच्या लग्नाला दोन पावसाळे झाले होते. पाळणा हलला नव्हता. शेवंता कुणाजवळ काही बोलत नसे. पण शेजारी कुणाचं बाळ बघायला गेली की तिकडेच रमायची, आणि परत आल्यावर भांडी उगाच जोरात घासायची. मला ते कळत होतं. कळतंय हे मी दाखवत नव्हतो. तेव्हा पुरुषानं दाखवायचं नसतं असा माझा समज होता.

तर त्या वर्षी होळीच्या आधी वहिनीच्या दोन्ही पोरींना गालगुंड झालं. आमच्याकडे गालफुगी म्हणतात. गाल असे टम्म!

वहिनी म्हणाली, "भाऊजी, पोरींच्या जवळ नका जाऊ. लागते ते."

"मी काय लहान लेकरू आहो?"

"तुमाले लहानपणी झाली होती का?"

"मले कधीच काही होत नाही."

आणि खरंच होत नव्हतं, हो! मी बागेतल्या झोपडीत वाढलेला, भाऊ माझ्याहून बराच मोठा. आजूबाजूला लेकरंच नव्हती, शाळेतही कधीमधीच गेलेलो, तर लेकरांचे आजार कुठून येणार? पण हे आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, आपलं हाडच दणकट. वहिनीला दाखवायला म्हणून मी धाकटीला मुद्दाम मांडीवर घेतलं. तिनं अर्धं चाखलेलं बोर माझ्या तोंडात घातलं. मी ते चघळून खाल्लं आणि वहिनीकडे बघून बी थुंकली.

ती बी पुढे उगवली.

होळी होऊन गेली. बागेत फळ तोडणीला आलं होतं. सीताबर्डीचा एक फळवाला माल बघायला आला. गिऱ्हाईक आलं की आधी मी फोड खाऊन दाखवायची, हा आमचा रिवाज. मी संत्रं सोललं, फोड तोंडात टाकली, आणि कानाखाली असा सणका आला की डोळ्यांत पाणी!

"आंबट आहे!" मी ओरडलो.

फळवाल्यानं फोड खाल्ली. "काय बोलून राहिले भाऊ? हे तं साखर हाये."

"आंबट म्हणजे आंबट!"

"अहो, गोड हाये!"

"मी या बागेचा माळी आहो का तुम्ही?"

आपला माल खराब आहे म्हणून गिऱ्हाईकाशी भांडणारा माळी तुम्ही कधी बघितलाय? मी दुसऱ्या झाडाचं फळ खाल्लं. तेही आंबट. तिसऱ्याचंही. मला वाटलं, सगळी बाग एका रात्रीत नासली. घाम फुटला मला.

माझ्यासोबत नथ्थू काम करायचा. माझ्याच वयाचा, पण त्याला प्रत्येक गोष्टीत हसू सापडायचं. त्यानं एक फोड खाल्ली आणि म्हणाला, "गोड हाये, सदाभाऊ."

"तुझी जीभ खराब झाली."

"जीभ माही खराब असन, पण गाल तुमचा फुगून राहिला ना गा!"

मी हात लावून बघितला. गाल नव्हता, मोसंबी होती.

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या बाजूनंही मोसंबी आली. वहिनीनं एक शब्द न बोलता गेरू कालवला आणि माझ्या दोन्ही गालांना फासला. ती बोलली असती तर बरं झालं असतं. ओट्यावर आम्ही तिघं ओळीनं बसलो. दोन पुतण्या आणि मी, तिघांचे गाल लाल, तिघांच्या डोक्यावर फडक्याची गाठ. येणारेजाणारे थांबून बघायचे. धाकटी त्यांना अभिमानानं सांगायची, "काकाले मी देल्ली!"

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं मला तेव्हा हसण्यासारखं वाटलं नाही.

गालांची सूज उतरली. पण ती गेली नाही, नुसती खाली उतरली. कुठे उतरली? आता काय नकाशा काढून देऊ? तुम्ही सगळे मोठी माणसं आहात. लंगोटाच्या मुलखात उतरली. डाव्या अंगाला. ताप भरला, आणि दुखणं असं की धोतराचा सोगा लागला तरी डोळ्यांपुढे काजवे.

सांगायचं कुणाला? शेवंतानं विचारलं तर म्हणालो, "पाय दुखते." ती बिचारी पाय चेपत बसली. भावानं विचारलं तर म्हणालो, "कंबर भरली." त्यानं कमरेला बाम असा चोळला की दुखणं एकाचं दोन झालं. बागेत गेलो तर नथ्थू बघतच राहिला.

"काहून असे फाकून चालून राहिले, सदाभाऊ?"

"चप्पल काटून राहिली."

"तुमी तं अनवाणीच हाव!"

शेवटी भावानं मला सायकलवर डबल घेतलं आणि धरमपेठेच्या एका डॉक्टरकडे नेलं. खड्डे असलेला रस्ता, लोखंडी कॅरियर आणि मी. त्या प्रवासाचं वर्णन करत नाही.

डॉक्टर भला माणूस. पण आवाज! वर्गात शेवटच्या बाकावर ऐकू जावं असा. दवाखाना म्हणजे एकच खोली, मधे हिरवा पडदा. अलीकडे टेबल, पलीकडे बाक. बाकावर आमच्याच वस्तीतल्या चार बायका बसलेल्या. मी त्यांना येताना बघितलं होतं. त्यांनी मला जास्त बघितलं होतं.

"काय होतंय?" डॉक्टर गरजले.

"गाल दुखते," मी हळूच म्हणालो.

"गाल तर छान उतरलेत! मग असा अवघडून का उभा? आडवा हो. धोतर सैल कर. अरे अरे अरे! हे बघ, खाली उतरलं हे!"

पडदा हलला. वाऱ्यानं हलला असं मी आजही मानतो.

"लहानपणी झालं नव्हतं वाटतं? लहानपणी झालं तर पोरगं चार दिवसांत खेळायला लागतं. वयात आलेल्या पुरुषाला झालं की हे असं होऊ शकतं. आराम कर, लंगोट बांध, थंड पाण्याचं फडकं ठेव. लग्न झालंय?"

"हो."

"मूलबाळ?"

मी मान हलवली. समोरच्या भिंतीवर सरकारचं चित्र लावलेलं. लाल त्रिकोण, आई, बाप, दोन गुटगुटीत लेकरं. चौघंही माझ्याकडे बघून हसत होते.

"हं. हे बघ, या आजारात कधी कधी पुढे मूल होण्याला अडचण येते..."

पलीकडे बाकावर बांगड्या वाजत होत्या. त्या एकदम थांबल्या.

बस्स. त्यापुढे मी थांबलो नाही. उठलो, धोतर आवळलं आणि कंपाउंडरच्या मागच्या दारानं बाहेर पडलो. मागून डॉक्टर ओरडत होते, "अरे, ऐक तरी! पूर्ण ऐक!" काय पूर्ण ऐकायचं? जे ऐकलं ते काय कमी होतं? आणि बाकावरच्या चौघींना पूर्ण ऐकवायचं होतं का?

दुखणं थोड्याच दिवसांत गेलं. डॉक्टर म्हणाले तसं फडकं ठेवलं, लंगोट बांधला, पडून राहिलो. शरीर बरं झालं. पण मनात ते अर्धं वाक्य बसलं, आणि बाकीचं अर्धं मीच तयार केलं. मूल होण्याला अडचण येते, म्हणजे होत नाही. होत नाही, म्हणजे झालंच नाही. सदाशिव माळी, ज्याच्या हातानं वांझ झाडं फुलतात, तो स्वतः वांझ.

मी बोलणं कमी केलं. आधीच कमी, त्यात कमी केल्यावर उरलं काय? फक्त खाकरणं. शेवंता बिचारी माझ्या तोंडाकडे बघायची आणि काही सांगायला आल्यासारखी थांबायची. मला वाटायचं, हिला कळलं. त्या बाकावरच्या बायकांनी सांगितलं. मी मान फिरवायचो.

मे महिना आला. नागपूरचा मे तुम्हाला काय सांगायचा? कावळासुद्धा दुपारी सावली बदलायला उडत नाही. मृगाच्या बहारासाठी झाडांचं पाणी तोडायची तीच वेळ. नथ्थू आणि मी बुंध्यांभोवती माती उकरत होतो. मी ते माझं लाडकं झाड बघितलं. पानं लोंबत होती. यालासुद्धा सगळ्यांनी वांझ म्हटलं होतं.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

हसू नका. अजून वेळ आहे.

मी विचार केला, माणूस काय नि झाड काय? दोघांनाही पाणी लागतं, दोघांनाही फळ येतं. मी तर सुखात होतो! बायकोच्या हातचं गरम जेवण, माठाचं पाणी, वर ताकाचा पेला. लाडावलेलं झाड! त्याला ताणच दिलेला नाही, तर बहार येणार कुठून? डॉक्टरला हे कुठून माहीत असणार? त्यानं काय कधी संत्रं लावलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी पाणी तोडलं. चहा नाही, ताक नाही, पन्हं नाही. नुसती कोरडी भाकर आणि चटणी.

शेवंतानं तांब्या पुढे केला. "अवो, पाणी घ्या ना."

"नको."

"काहून?"

"नको म्हटलं ना वं."

"उपास हाये का?"

बायकोला खरं सांगणं शक्य नव्हतं. मी मान हलवली.

"कोन्या देवाचा?"

"सांगायचा नसते."

झालं! मी कधी देवळाची पायरी चढलो नव्हतो, आणि मी भर मे महिन्यात निर्जळी धरली! शेवंताचे डोळे भरून आले. तिनं वहिनीला सांगितलं. वहिनीनं विहिरीवर सांगितलं. संध्याकाळी मी घरी येतो तर शेजारची म्हातारी दारात. मला काही कळायच्या आत वाकून पाया पडली.

"लेकरासाठी एवढं कोन करते बाप्पा! अशे पुरुष राहिले नाही आता."

पाया पडणाऱ्या म्हातारीला काय सांगणार? की बाई, हे व्रत नाही, बागकाम आहे? मी हात वर करून आशीर्वाद दिला. माझी जीभ टाळूला चिकटलेली, त्यामुळे मौनही आपोआप पाळलं गेलं. ते बघून लोक आणखीच भारावले.

एका दिवसात माझी कीर्ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. कीर्ती वाईट गोष्ट. मला तहानेनं भिंती हलताना दिसत होत्या, पण आता पाणी पिणं म्हणजे देवाला फसवणं झालं असतं. बागेतल्या झाडाची निदान पूजा तरी कोणी करत नाही.

दुसरा दिवस. ताणाची दुसरी पायरी.

मी सांगितलं मघाशी, माती उकरून मुळ्यांना ऊन दाखवायचं असतं. आलं का ध्यानात?

आलं ना? मग एवढे डोळे मोठे करू नका.

दुपारी बाग झोपते. नथ्थू शेडमध्ये घोरत होता. कामाच्या बाया झाडाखाली पदर तोंडावर घेऊन आडव्या झाल्या होत्या. मी पार मागच्या अंगाला गेलो, माझ्या त्या लाडक्या झाडाजवळ. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला. बघा, मूर्ख असलो तरी बेसावध नव्हतो. डोक्याला दुपट्टा बांधला. उकरलेल्या आळ्याच्या कडेला मोकळ्या उन्हात आडवा झालो, इकडेतिकडे बघितलं, आणि धोतर वर घेऊन मुळ्यांना ऊन दाखवलं.

बेत असा होता की थोडा वेळ पडायचं आणि उठायचं. पण दोन दिवस पाण्याचा थेंब नाही, आणि वर नागपूरचं ऊन. झाडाची पानं गोल गोल फिरायला लागली. ती थांबायची मी वाट बघत होतो. तेवढंच आठवतं.

पुढचं नथ्थूकडून कळलेलं. त्यानं ते इतक्या वेळा आणि इतक्या लोकांना सांगितलंय की मला पाठ आहे.

तो मला शोधत आला. बघतो तर मी आळ्याच्या कडेला, डोळे पांढरे, ओठ फुटलेले, आणि धोतर छातीवर. त्यानं बोंब ठोकली, "धावा वं! सदाभाऊ मेले!"

बाया धावत आल्या. सगळ्यात पुढे कोण? शेवंता! माझ्यासाठी भाकर घेऊन ती नेमकी तेव्हाच पोचली होती. नथ्थूला माझ्या जिवाआधी माझी अब्रू दिसली. धोतर ओढून खाली करावं एवढंही त्याला सुचलं नाही. शेजारी संत्र्यांची रिकामी टोपली पडली होती. ती त्यानं उचलली आणि घातली पालथी. अब्रूवर.

बाया पोचल्या तेव्हा त्यांना दिसला तो असा: मी, आणि माझ्यावर टोपली.

"कोंबडी झाकली का खाली?" एकीनं विचारलं म्हणे.

शेवंतानं मात्र टोपलीकडे बघितलं नाही. ती माझं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती आणि ओरडत होती, "पाणी आना! मोडू द्या व्रत! पाप मले लागो, पाणी आना!" मला थोडी शुद्ध आली ती याच शब्दांवर. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, सदाशिव, आपलं काहीतरी चुकलं.

बैलबंडीत घालून मला नेलं. कुठे? त्याच डॉक्टरकडे! हिरवा पडदा तोच, लाल त्रिकोणातलं कुटुंब तेच, अजून हसत होतं. आणि सांगायला हरकत नाही, टोपलीही तीच. वाटेत काढायची कुणाला हिंमत झाली नाही.

डॉक्टरांनी सलाईन लावलं. डोक्यावर ओली फडकी ठेवली. मी डोळे नीट उघडले तेव्हा खाटेभोवती शेवंता, नथ्थू, घरून धावत आलेली वहिनी आणि दारात बागेतल्या सगळ्या बाया उभ्या होत्या. गाडीचे बैल खिडकीतून बघत होते.

"अरे, तू तोच ना? मागच्या दारानं पळालेला?" डॉक्टर गरजले. "या उन्हात पाणी बंद करायला कुणी सांगितलं तुला?"

"भाऊजीचं व्रत होतं, डॉक्टरसाहेब," वहिनी हात जोडून म्हणाली.

"कसलं व्रत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं मला धड जमत नाही, चपलेचं ऐकलंतच. न बोलणं जमतं, खोटं नाही. मी छताकडे बघून म्हणालो, "व्रत नाही. ताण देल्ला."

डॉक्टरांना काहीच कळलं नाही. पण दारात उभी असलेली सगळी माणसं बागेतली. त्यांची हयात संत्र्यात गेलेली.   मग नथ्थूनं हळूच टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत टोपलीकडे.

"म्हंजे सदाभाऊ... ते धोतर... मुळ्याईले ऊन?"

मी डोळे मिटले.

असं हसणं मी आयुष्यात परत ऐकलं नाही. बाया दाराला धरून खाली बसल्या. एकीला उचकी लागली. नथ्थूनं भिंतीला डोकं टेकलं. डॉक्टर विचारत होते, "अरे काय? मला सांगा कोणी!" नथ्थूनं त्यांना ताणाचं शास्त्र समजावलं, सुरुवातीपासून, डोळे पुसत. संपलं तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसून घेतलं.

"मूर्खा!" हसणं आवरून ते म्हणाले, "निसर्गानं ती जागा शरीराबाहेर का ठेवली? थंड राहावी म्हणून! उन्हानं नुकसान होतं तिचं, आणि तू नेमकी तीच भाजायला ठेवलीस? आणि त्या दिवशी माझं वाक्य तर पूर्ण होऊ द्यायचं! मी सांगत होतो, कधी कधी अडचण येते, पण फार थोड्यांना. तुझी एकच बाजू सुजली होती. दुसरी ठणठणीत होती. पोरं होतील तुला! हे सांगेपर्यंत तू धोतर आवळून पसार!"

होतील? मी उठून बसायला गेलो. सलाईनची नळी ताणली गेली.

तेवढ्यात डॉक्टरांचं लक्ष शेवंताकडे गेलं. ती हसत नव्हती. खाटेचा दांडा धरून उभी होती.

"ही कोण? हिचे ओठ का फुटलेत?"

"माह्या माणसानं पाणी सोडलं," शेवंता खाली बघून म्हणाली, "मी कशी पिऊ? रातपासून मीबी धरलं."

 सगळं हसू कानात बंद झालं. मी मूर्ख, ते ठीक. माझ्या मूर्खपणाची तहान हिनं कशाला सोसायची?

वहिनी पुढे झाली. "पागल झाली का तू? या दिवसात?" आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "साहेब, दिवस गेले हायेत ना हिले. मी म्हणून राहिली, सांगून टाक भाऊजीले. तं म्हणे, होळीपासून माणसाचं तोंड असं वाकडं, सांगू कशी? आन् आता म्हणे, व्रत पुरं होऊ द्या, मग सांगतो."

ती सांगायला येऊन थांबायची, ती हे सांगायला! आणि मी मान फिरवत होतो. म्हणजे बहार आलेलाच होता. दुखण्यानंतर, ताणाआधी, भरल्या पाण्यावर. माझ्या घरात फूल लागलेलं, आणि मी, नावाजलेला माळी, मला ते दिसलं नाही!

"पाणी दे तिला," मी ओरडलो. बहुतेक जन्मात पहिल्यांदा इतक्या जोरानं. "नथ्थू, पाणी दे आधी!"

शेवंतानं तांब्या तोंडाला लावला. सगळा रिकामा केला. मग पदरानं तोंड पुसून माझ्याकडे बघितलं, टोपलीकडे बघितलं, आणि इतका वेळ दाबलेलं हसू तिच्या नाकातून फुटलं. पाणी माझ्या सदऱ्यावर उडालं. म्हणून मघाशी सांगितलं, आधी चहा संपवा.

संक्रांतीच्या सुमारास मुलगी झाली. गुटगुटीत, आणि गाल असे की वहिनी म्हणाली, ही गालफुगी घेऊनच आली. डॉक्टरांना पेढे द्यायला मी स्वतः गेलो. त्यांचं सगळं बोलणं पूर्ण ऐकून, पुढच्या दारानं बाहेर आलो. पुढे मुलगाही झाला. दोघांना गालगुंड लहानपणीच होऊन गेलं. एकमेकांना दिलं, चार दिवस लाल गाल घेऊन ओट्यावर बसले, आणि पाचव्या दिवशी झाडावर.

पण माझं नाव गेलं ते गेलंच. किंवा झालं म्हणा. कारण नथ्थूनं गोष्ट सगळीकडे नेली, आणि जाता जाता ती बदलली. मौद्यापर्यंत पोचली तेव्हा लोकांना एवढंच कळलं होतं की काटोल रोडच्या एका माळ्यानं स्वतःला ताण दिला आणि त्याला मुलगी झाली. पुढची कित्येक वर्षं उन्हाळा लागला की एखादा माणूस बागेच्या फाटकाशी येऊन घुटमळायचा. संत्री विचारायचा, हवापाणी विचारायचा, आणि मग आवाज खाली आणायचा.

"सदाभाऊ, ते ताणाचं... कसं करा लागते?"

मी त्याला आधी पाणी पाजायचो. दोन पेले. मग सांगायचो, "डॉक्टरकडे जा. लाज घरी ठेवून जा. आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत उठू नको."

काही जण तरी ऐकून गेले असतील. एकानं मात्र जाताना विचारलं, "बरं, टोपली कोन्या मापाची होती?"

आता मी म्हातारा झालो. घरात माझा शब्द चालतो. पोरं, सुना, नातवंडं, सगळे वचकून असतात. मी एकदा नाही म्हटलं की नाही, आणि कुणाला कारण विचारायची...

"अवो!"

ऐकलंत? दार नीट लागलं नव्हतं वाटतं.

"अवो, गोळी घेतली का? डॉक्टरनं जेवणाआधी सांगितली हाये."

"मले नाही लागत गोळी. मले काही होत नाही."

"मंग टोपली आनू का?"

...आणा ती गोळी. आणि हो, पाणी भरपूर आणा.